आतल्या खोलीचं पान

१

मी घरी बसून वेबसाइटी बनवते. फार थोर काही नाही. दवाखाना, शिकवणीचा वर्ग, पडद्यांचं दुकान, असली कामं. चार पानं, थोडे फोटो, पत्ता, फोन नंबर, झालं. पाहुण्यांना हे समजावता समजावता जीव जातो, म्हणून हल्ली मी "कॉम्प्युटरचं काम" म्हणते आणि मोकळी होते.

या कामातली एकच गोष्ट इथे समजून घ्यावी लागेल, आणि ती सोपी आहे. साइट जगाला दाखवण्याआधी मी ती माझ्याच लॅपटॉपवर चालवून बघते. त्यासाठी एक साधंसं साधन असतं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, की आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तो फोल्डर साइट म्हणून उघडतो. पण फक्त आपल्या लॅपटॉपवर. शेजारच्या खोलीतल्या फोनवरसुद्धा तो दिसत नाही. मग एकेक पान मागायचं, आणि मागितलेल्या प्रत्येक गोष्टीची एक ओळ काळ्या खिडकीत उमटते. कोणी मागितलं, काय मागितलं, आणि शेवटी एक आकडा. २०० म्हणजे दिलं. ४०४ म्हणजे असलं काही इथे नाही. मागणारी मी, देणारी मी. इतका बिनधोक संवाद मला घरातसुद्धा कुणाशी साधलेला नाही.

या खेपेला साइट आमच्याच घराची होती. नवऱ्याची बदली झाली होती आणि घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. प्रत्येक खोलीचं एक पान, पानावर एक फोटो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली, माझी कामाची खोली, अंगण. नव्हती ती फक्त घरातल्या बोळाच्या टोकाची आतली खोली. ती सासूबाईंची.

"बाकी घराचं काय प्रदर्शन मांडायचं ते मांडा," त्या म्हणाल्या होत्या. "माझी खोली कुणाला दाखवायची नाही."

"नाही दाखवणार, आई."

"नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे नक्की!"

सासूबाई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन खूप काळ झाला, पण फोन घ्यायची पद्धत तीच राहिली. रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, आणि गप्प राहायचं. समोरच्याने आधी नाव सांगायचं, मग या बोलणार. माझ्या माहेरच्यांना सुरुवातीला वाटायचं फोनच बिघडलाय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या काठी घेऊन चालायच्या, आणि जास्त वेळ खोलीतच असायच्या. माझ्या टायपिंगचा आवाज तिथपर्यंत जायचा, म्हणून त्यांनी माझं नाव टकटक ठेवलं होतं. "टकटके, चहा झाला का गं?" अशी हाक यायची, शेवटचा 'गं' लांबवून. हे फक्त आम्ही दोघीच असताना. नवऱ्यासमोर त्या मला अगदी शहाण्यासारखं नावाने हाक मारत. "त्याला कळलं तर तोही म्हणत सुटेल, मग त्यात मजा काय राहिली?" त्यांचं म्हणणं.

मला त्या फार आवडत. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, काय हवंय ते सरळ माग.

२

दुपारची वेळ होती. नवरा ऑफिसात, सासूबाई जेवून आडव्या झालेल्या. मी दिवाणखान्याचं पान उघडून बघितलं, फोटो जरा अंधारा वाटला, तो उजळ केला, पुन्हा बघितलं. काळ्या खिडकीत माझ्या ओळी नेहमीसारख्या उमटल्या. मग मी पाणी प्यायला गेले आणि परत आले, तर खाली एक ओळ जास्त होती.

फोल्डरांची नावं मी इंग्रजी अक्षरांत पण मराठीच ठेवते. त्या ओळीत लिहिलं होतं, /आतली-खोली. शेवटी ४०४.

मी असं पान केलेलं नव्हतं. म्हटलं, चुकून कुठेतरी दुवा, म्हणजे लिंक, राहिला असेल. सगळ्या फायली शोधल्या. आतली खोली हे शब्दच कुठे नव्हते. मग म्हटलं, ब्राउझरचा आगाऊपणा असेल, त्यांना सवय असते नको ते आधीच मागून ठेवायची. ब्राउझर बंद केला. इंटरनेट बंद केलं. काळी खिडकी तेवढी उघडी ठेवून मी समोर बसले.

थोड्या वेळाने ओळ आली. /आतली-खोली, ४०४.

आणि त्याच वेळी बोळाच्या टोकाला दाराची कडी वाजली. जोरात नाही. कुणीतरी बोटाने उचलून सोडून द्यावी तेवढीच.

"आई, उठलात का?" मी हाक मारली. जाऊन बघितलं तर दार बंद, बाहेरची कडी लोंबकळलेली, आणि आत सासूबाई भिंतीकडे तोंड करून घोरत होत्या. वारा असेल, म्हटलं. बोळात वारा कुठून येणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

३

माझा दादा एका कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. त्याला फोन लावला.

"मागणारा पत्ता कुठला दिसतोय?" त्याने विचारलं.

"माझाच. माझ्याच मशीनचा."

"मग तूच मागतेयस. विसरभोळी झालीयस."

"दादा, ब्राउझर बंद आहे. नेट बंद आहे."

"मग मशीनमध्ये भूत शिरलंय. लिंबू-मिरची बांध." तो स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसला. मग म्हणाला, "अगं, मागे राहिलेला एखादा प्रोग्राम असेल. मशीन बंद करून चालू कर. तरी आलं तर त्या नावाची रिकामी फाइल ठेवून दे. मागतंय ते मिळालं की गप बसेल."

मी मशीन बंद करून चालू केलं. ओळी येतच राहिल्या, आणि दर ओळीला कडी.

संध्याकाळी सासूबाईंच्या पायाला तेल लावताना मी त्यांना सहज विचारलं, "आई, तुमच्या दारात दुपारी कुणी आलं होतं का?"

"कोण येणार? तुझी टकटक तेवढी आली."

मी त्यांना ओळींचं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडे असे कॉल यायचे. बोर्डावर दिवा लागायचा, उचललं की पलीकडे नुसता श्वास. नव्या पोरी हॅलो हॅलो करत बसायच्या, कोण बोलतंय, कुणाला जोडून देऊ? मी जोडायचेच नाही. मागितलं म्हणून दिलंच पाहिजे असं कुठं असतं?"

"पण आई, दिवा लागलेलाच राहायचा ना?"

"राहू दे की. आपलं काय जातंय? डोळे मिटून घ्यायचे." मग पाय आखडून घेत म्हणाल्या, "पुरे गं, तेलात बुडवतेस की काय मला."

४

पण माझा स्वभाव तसा नाही. आमच्या धंद्यातल्या कुणाचाच नसतो. ४०४ दिसला की हाताला खाज सुटते. ती ओळ का येतेय हे कळलं नाही तरी चालतं, ती दिसायची बंद झाली पाहिजे.

तिसऱ्या दुपारी मी तेच केलं. आतली-खोली नावाचा फोल्डर केला, त्यात एक कोरं पान ठेवलं. एक अक्षर नाही, एक दुवा नाही.

ओळ आली. /आतली-खोली, २००.

कडी वाजली नाही. मी खुर्चीत मागे टेकले. दादाला कळवायचं ठरवलं की तुझा उपाय लागू पडला, उगाच शेफारू नको. तेवढ्यात दुसरी ओळ आली. /आतली-खोली/फोटो, ४०४.

आता हे मला समजावून सांगायला हवं. पान कोरं असेल तर त्यातून फोटो मागितला जाणं शक्यच नाही. फोटो आहे असं पानाने सांगितलं तर मागणार ना? पण बाकीच्या प्रत्येक खोलीच्या पानावर फोटो होता. मागणाऱ्याने माझी सगळी साइट बघितली होती आणि आता याही खोलीचा फोटो असणार असं धरून चालला होता. माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, काट्यासोबत चीडही आली. घे बाबा एकदाचा, आणि सोड माझा पिच्छा!

मी मोबाइल घेऊन बोळातून गेले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, चादर कानापर्यंत, वर फक्त अंबाडा दिसत होता. काठी पलंगाला टेकवलेली. स्टुलावर पाण्याचं भांडं. मी दारातूनच एक फोटो काढला. कुणाला दाखवणार नाही असं मी म्हटलं होतं, आणि कुणाला दाखवत नव्हतेच. साइट माझ्याच लॅपटॉपवर होती, ती बघणारं दुसरं कुणी नव्हतं. दारातून परतताना मी स्वतःला हेच सांगत होते.

फोटो फोल्डरमध्ये टाकला. ओळ आली. २००.

त्यानंतर त्या दुपारी एकही ओळ आली नाही. घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर मला माझ्या खोलीत ऐकू येत होती. मग लक्षात आलं, सासूबाईंचं घोरणं थांबलं होतं.

५

संध्याकाळी सासूबाई काठी न घेता स्वयंपाकघरात आल्या.

"आई! काठी कुठे?"

"नको आता," त्या म्हणाल्या. "बरं वाटतंय. तू दमली असशील, बाळ. बस."

बाळ! मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा फुलला होता. आईचा पाय बरा झाला म्हणून त्याने त्या रात्री दोन घास जास्तच खाल्ले. तीही सगळं खाऊन उठली. मीठ कमी आहे म्हणाली नाही, पोळी जाड आहे म्हणाली नाही. लग्नापासून मी ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस उगवला होता, आणि मी माझं ताट अर्धंच टाकून उठले.

काळ्या खिडकीत आता वेगळ्या ओळी येऊ लागल्या. /आतली-खोली/फोटो, ३०४. हा आकडा असा की मागणाऱ्याकडे ती गोष्ट आधीच असते. तो फक्त विचारतो, यात काही बदललं का? आणि साधन उत्तर देतं, नाही, तुझ्याकडचंच बघ. पुन्हा थोड्या वेळाने, काही बदललं का? नाही. दिवसभर हेच. कुणीतरी त्या फोटोसमोर बसून होतं.

घरातली म्हातारी मात्र दिवसेंदिवस ठणठणीत. भराभरा चालायची. माझ्याशी गोड बोलायची. मी टाइप करत असले की दारात येऊन उभी राहायची, हाताची घडी घालून, आणि मी वळून बघितलं की हसायची. टकटके अशी हाक एकदाही नाही. मी तिला मुद्दाम डिवचलं, "आई, माझं टोपणनाव विसरलात वाटतं?"

"टोपणनाव?" तिने मान कलती केली. "सांग ना, बाळ. काय होतं?"

माझ्या तोंडात आलेलं मी गिळून टाकलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. म्हटलं, "काही नाही हो, गंमत केली."

मग एकदा हॉलमधला फोन वाजला. मी उठेपर्यंत तिने तो उचलला. कानाला लावला आणि लगेच, समोरचा श्वासही घ्यायच्या आत, सासूबाईंचं पूर्ण नाव सांगितलं. स्पष्ट, पाठ केल्यासारखं.

रात्री मी हे नवऱ्याला सांगितलं.

"ऑपरेशनची भूल उतरायला वेळ लागतो काहींना," नवरा म्हणाला. "आता कुठे ती पहिल्यासारखी झालीय."

"पहिल्यासारख्या? तुझी आई मला कधी बाळ म्हणाली होती?"

"मग चांगलं नाही का? भांडत होती तेव्हा तक्रार, भांडत नाही तर तक्रार. तू जरा आराम कर. आणि साइटचं तेवढं उरक, लोक विचारतायत."

त्याचं काय चुकलं? मलाही दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी तेच म्हटलं असतं.

६

एका सकाळी ३०४ च्या रांगेत मध्येच एक २०० आला.

२०० म्हणजे फोटो बदलला होता. मी त्या फाइलला हात लावला नव्हता. नवऱ्याला तो फोल्डर कुठे आहे हेही माहीत नाही. मग मी फोटो उघडला.

तोच पलंग, तेच स्टूल, तीच टेकवलेली काठी. चादर बाजूला झालेली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाय खाली सोडून, आणि थेट माझ्याकडे बघत होत्या. उजवा हात कानाशी होता, मुठीत काहीतरी धरल्यासारखा. हातात काही नव्हतं. ओठ मिटलेले. समोरून कुणी आधी बोलेल याची वाट बघत होत्या.

फोटो मी तेवढाच बघितला. खोलीच्या दारापाशी, फोटोच्या अगदी कडेला, आणखी काही होतं का, ते मी बघितलं नाही.

पहिला विचार आला तो बंद करायचा. दोन कळा एकदम दाबल्या की साधन थांबतं, खिडकी गप्प होते. माझी बोटं त्या कळांवर गेलीसुद्धा. पण मग मनात आलं, त्या जर तिथे असतील, आणि मी हे बंद केलं, तर त्या कुठे असतील? मी हात मांडीवर ठेवले आणि रडले. त्या मला रागवल्या असत्या, रडतेस काय वेडे, म्हणाल्या असत्या, आणि मला तेच ऐकायचं होतं.

बोळातून अनवाणी पावलं आली आणि माझ्या दाराबाहेर थांबली. "काय झालं, बाळ?"

"डोळ्यात काही गेलं."

"बंद कर ते आता. डोळे दुखतील."

"करते," मी म्हटलं. पावलं परत गेली. मी बंद केलं नाही.

७

त्याच दुपारी नवी मागणी आली.

/टकटक, ४०४.

मी ती दोनदा वाचली. हे नाव या जगात फक्त दोघींना माहीत होतं. एक मी. दुसरी त्या. पुन्हा ओळ आली. /टकटक, ४०४. पुन्हा. घाई नाही, राग नाही. नंबर लागेपर्यंत फिरवत राहायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

आणि उत्तर काय जात होतं? असं कुणी इथे नाही.

कुणाच्याने राहवलं असतं? त्या आतून मला हाका मारत होत्या, आणि मी इथे बसून त्यांना नाही म्हणत होते. मी टकटक नावाचा फोल्डर केला. पान केलं. या वेळी कोरं नाही. त्यावर लिहिलं, "आई, मी टकटक. मी इथेच आहे. खाली दुवा आहे, तो दिवाणखान्याचा. तिथून बाहेर या." आतल्या खोलीच्या पानावर मी बाहेर जायला काहीच ठेवलं नव्हतं, हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं. तिथेही दुवा घातला. दोनदा चुकले, पुन्हा केलं.

ओळ आली. /टकटक, २००.

मी हसले. मोठ्याने हसले. आणि त्या ओळीच्या पाठोपाठ, अगदी लगेच, आणखी एक ओळ आली. /टकटक, २००.

पान एक. मागणारे दोन.

पहिल्यांदा कुणी वाचलं आणि मागाहून कुणी, हे कळायला त्या खिडकीत मार्ग नाही. दोघांचा पत्ता एकच असतो, माझ्याच मशीनचा. मला एवढंच आठवलं की समोरच्याने नाव सांगितल्याशिवाय आपलं नाव सांगायचं नसतं. आणि मी माझं नाव लिहून, फोल्डरला तेच नाव देऊन, उघड्यावर ठेवलं होतं.

दिवाणखान्याची ओळ आलीच नाही. मी वाट बघितली. तो दुवा कुणी दाबला नाही.

मग बोळाच्या टोकाहून हाक आली.

"टकटके, चहा झाला का गं?"

तोच आवाज. शेवटचा 'गं' तसाच लांबवलेला. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला, मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा. आणि उठता उठता नजर काळ्या खिडकीवर गेली.

/टकटक, ३०४.

थोडं थांबून पुन्हा. /टकटक, ३०४. काही बदललं का? नाही. काही बदललं का? नाही. माझ्या त्या पानासमोर अजून कुणीतरी कानाशी मूठ धरून बसलं होतं.

बोळातून पावलं निघाली. भराभरा, काठीशिवाय.

"टकटके?"

"आले, आई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण मी उठले नाही. मी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि जे सुचेल ते टाइप करत राहिले, जोरजोरात, आतपर्यंत ऐकू जाईल असं.